हलत्या चित्रांची वंशावळ

आपल्याकडे ॲनिमेशनची परंपराच नाही, हे वाक्य इतक्या वेळा बोलले गेले आहे की ते तपासून पाहावे असे आता कुणाला वाटत नाही. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डिस्नेचे राजवाडे असतात, जपानचे मियाझाकी असतात, आणि त्यांच्या शेजारी ठेवायला आपल्याकडचे एकही नाव चटकन ओठांवर येत नाही. पण नाव न आठवणे वेगळे आणि परंपरा नसणे वेगळे. स्थिर चित्राला एकेका फ्रेमने हलते करणाऱ्यांची एक ओळ भारतात शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे. ती दादरच्या एका घरात सुरू होते, नाशिक, कोलकाता, पुणे असा फेरा घेते, मुंबईच्या पेडर रोडवर सरकारी आश्रयाला स्थिरावते आणि तिथून अनेक फांद्यांनी पसरते. या ओळीच्या मधोमध राम मोहन उभे आहेत. १९३१ साली जन्मलेल्या या माणसाने १९५६ मध्ये पेन्सिल हाती घेतली आणि साठ वर्षांहून अधिक काळ तो या कलेत राहिला. त्यांच्या कारकिर्दीचा माग काढला की भारतीय ॲनिमेशनचा सगळा वंशवृक्ष हाती लागतो.

मुळापासून सुरुवात करू. १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले. चित्रपट काढायचा निश्चय झाला होता, पण पैसा नव्हता, आणि धनिकाला पटवायचे तर हातात काहीतरी दाखवण्याजोगे हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपत राहिले. पडद्यावर तो वाटाणा बघता बघता रुजला, अंकुरला, वेल होऊन वर चढला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छोट्या प्रयोगाने यशवंतराव नाडकर्णी यांच्याकडून कर्ज मिळवून दिले आणि पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. म्हणजे भारतीय कथापटाच्या आधी भारतात फ्रेमगणिक चित्रण झाले होते. ॲनिमेशनचे मूळ तंत्र हेच आहे : कॅमेरा थांबवायचा, समोरची वस्तू किंचित बदलू द्यायची, पुन्हा एक फ्रेम टिपायची. वाटाण्याच्या बाबतीत बदल निसर्गाने केला, एवढाच फरक.

तो फरकही फाळक्यांनी लवकरच मिटवला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला, मोठे चित्रपट काढणे अवघड झाले, तेव्हा त्यांनी छोट्या पटांकडे मोर्चा वळवला. १९१५ चा ‘आगकाड्यांची मौज’ त्यातलाच. काडेपेटीतल्या काड्या हाताने हलवून, प्रत्येक हालचालीगणिक फ्रेम घेऊन त्यांनी काड्यांना खेळायला लावले. हा पट आज उपलब्ध नाही. मात्र ज्या माणसाने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रेखाटन शिकले, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे धडे घेतले, लोणावळ्याजवळ राजा रविवर्म्याच्या छापखान्यात शिळाछापाचे काम केले आणि वर जादूचे प्रयोगही केले, त्याच्या हातून हे घडावे यात नवल नाही. चित्रकार, मुद्रक आणि जादूगार या तिघांचे कसब एका जागी आले की ॲनिमेशन जन्माला येते. फाळक्यांच्या ठायी ते तिन्ही होते.

पण फाळक्यांनी हे तंत्र शिकवून मागे शिष्य ठेवले नाहीत, आणि त्या काळात तशी गरजही कुणाला भासली नाही. त्यामुळे पुढची पावले वेगळ्या गावांत, वेगळ्या हातांनी पडली. १९३४ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जी यांचा ‘द पी ब्रदर्स’ हा काही मिनिटांचा पट प्रदर्शित केला. पारदर्शक सेलवर काढलेल्या चित्रांचा हा भारतातल्या अगदी पहिल्या पटांपैकी एक, आणि त्याचे नायकही वाटाणेच. त्याच सुमारास पुण्यात प्रभात फिल्म कंपनीसाठी ‘जंबूकाका’ नावाचा कोल्ह्याचा पट झाला. १९३९ मध्ये जी. के. गोखले यांनी ‘सुपरमॅन्स मिथ’ काढला. हे सगळे स्वतःच्या हिमतीवर शिकलेले लोक. परदेशी कार्टून पडद्यावर पाहायचे, घरी येऊन ते कसे केले असेल याचा अंदाज बांधायचा आणि हाताशी असलेल्या साहित्यातून ते करून बघायचे, हीच त्यांची शाळा. एक पट झाला की पुढच्याला पैसा मिळत नसे. चित्रगृहाचा मालक कार्टूनसाठी वेगळे पैसे द्यायला तयार नव्हता, आणि परदेशी कार्टून तयार मिळत होते. म्हणून १९३० च्या दशकातले हे प्रयत्न एकमेकांशी जोडले गेले नाहीत. त्यांतले फार थोडे आज पाहायला मिळते.

जोडणी झाली ती सरकारी आश्रयाने. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. नव्या देशाला आपल्या नागरिकांशी बोलायचे होते, आणि त्यातले बहुसंख्य निरक्षर होते. धरणे, पंचवार्षिक योजना, आरोग्य, लोकसंख्या हे विषय आकड्यांत आणि नकाशांत मांडायचे तर चित्र हलते करण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९५६ मध्ये तिथे कार्टून फिल्म युनिट सुरू झाले आणि अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स मुंबईत आले. वीक्स मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मले होते. डिस्ने स्टुडिओत त्यांनी ‘स्नो व्हाइट’, ‘बॅम्बी’, ‘पीटर पॅन’ अशा चित्रपटांवर काम केले होते. सोबत ॲनिमेशनचा कॅमेरा आला, त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शिकवण्याची शिस्त आली. चंचल हातांना एका रीतीत बसवणारा शिक्षक या कलेला भारतात पहिल्यांदाच लाभला.

त्यांच्या पुढ्यात बसलेल्यांत रसायनशास्त्राचा एक पदवीधर होता. राम मोहन मद्रास विद्यापीठातून पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला आले होते. चित्रे काढायचा नाद होता. प्रयोगशाळा सुटली आणि ते फिल्म्स डिव्हिजनमध्ये दाखल झाले. स्वतःच्या बळावर शिकलेले गोखलेही याच युनिटमध्ये होते. अशा रीतीने १९३० च्या दशकातली तुटक धडपड आणि १९५६ ची शिस्त एका छताखाली आली. वंशावळीतला हा सांधा मला फार महत्त्वाचा वाटतो. परंपरा तयार व्हायला निव्वळ प्रतिभा पुरत नाही. जुना हात आणि नवा हात एकाच टेबलावर बसावे लागतात.

ते टेबल कसे असे, हेही पाहायला हवे. वर तिरकी काच, काचेखाली दिवा, काचेच्या कडेला खुंट्यांची पट्टी. कागदाला भोके पाडून तो खुंट्यांवर बसवायचा, म्हणजे एकावर एक ठेवलेली चित्रे केसभरही सरकत नाहीत. आधी मुख्य मुद्रा काढायच्या, मग त्यांच्या मधली चित्रे भरायची. पेन्सिलीच्या चित्रांचे कच्चे चित्रीकरण करून हालचाल तपासायची. मग प्रत्येक चित्र पारदर्शक सेलवर शाईने उतरवायचे आणि सेल उलटा करून मागच्या बाजूने रंग भरायचा, म्हणजे पुढून रेघ स्वच्छ राहते. शेवटी पार्श्वभूमीच्या चित्रावर सेल ठेवून वरून कॅमेऱ्याने एकेक फ्रेम घ्यायची. एका सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून वापरले तरी सेकंदाला १२ चित्रे. दहा मिनिटांच्या पटाला ७,२०० चित्रे, तीही पडद्यावर एकच पात्र हलत असेल तर. दोन पात्रे आली की आकडा दुप्पट होतो. हे गणित एकदा लक्षात आले की त्या काळात भारतात पूर्ण लांबीचे ॲनिमेशनपट का झाले नाहीत हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एवढ्या चित्रांचे पगार देऊ शकेल असा निर्माता कोण होता?

युनिटचा पहिला मोठा पट ‘द बनियन डिअर’ १९५७ मध्ये झाला. कथा जातकातली. वाराणसीचा राजा रोज हरणांची शिकार करतो. कळपातला गोंधळ टळावा म्हणून हरणे पाळी लावून घेतात, रोज एकाने वधस्थानी जायचे. एके दिवशी पाळी गाभण हरिणीवर येते, आणि तिच्या जागी हरणांचा राजा स्वतः मान पुढे करतो. राजा विरघळतो आणि सगळ्या प्राण्यांना अभय देतो. या पटाची चित्रशैली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांकडे पाहून बांधलेली होती, आणि अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथाच रंगवलेल्या आहेत. ज्या माणसाने ‘बॅम्बी’च्या हरणांवर काम केले, त्याच्या शिष्यांनी पहिल्याच मोठ्या कामात हरीण निवडावे हा धागा नजरेत भरतो. पण दोन्ही हरणांची गोष्ट वेगळी आहे. ‘बॅम्बी’मध्ये शिकाऱ्याच्या गोळीने आई जाते आणि पाडस पोरके होते. इथे आई वाचते, कारण कुणीतरी तिच्या जागी उभे राहते. तंत्र कॅलिफोर्नियातून आले, पण त्यातून काय सांगायचे हे इथल्या लोकांनी ठरवले. शिकणे आणि नक्कल करणे यांतला फरक इथेच दिसतो.

राम मोहन बारा वर्षे तिथे होते. ‘धिस अवर इंडिया’ (१९६१) हा मिनू मसानींच्या पुस्तकावर आधारलेला पट, नंतर ‘होमो सॅप्स’, ‘बाप रे बाप’ अशी कामे त्यांच्या हातून झाली. फिल्म्स डिव्हिजनचे पट चित्रगृहांना मुख्य चित्रपटाआधी दाखवावेच लागत. त्यामुळे गल्ल्याची चिंता नव्हती आणि प्रेक्षक देशभर होता. पण सरकारी निरोपाची चौकट होतीच. विषय खात्याकडून येई, लांबी ठरलेली असे, पैसा मोजका. या तंगीतून या मंडळींनी एक काटकसरीची चित्रभाषा घडवली. पात्रे साध्या आकारांची, हालचाल मोजकी, पार्श्वभूमी जवळजवळ कोरी, आणि सगळा भार कल्पनेवर. डिस्नेच्या भरगच्च, गोलाईदार चित्रणाशी तुलना करून या पटांना गरीब ठरवणे चूक आहे. त्यांचे मोजमाप त्यांच्या उद्दिष्टाने करायला हवे : दहा मिनिटांत, अक्षरओळख नसलेल्या माणसाला, एक अवघड गोष्ट समजली का? ती समजत होती.

याच युनिटमधून इतर फांद्या फुटल्या. ओडिशाचे प्रमोद पती चेकोस्लोव्हाकियात यिर्शी त्र्न्का यांच्याकडे शिकून आले आणि त्यांनी सरकारी संस्थेत राहूनच धाडसी प्रयोग केले. १९७२ च्या ‘आबिद’मध्ये त्यांनी चित्रकार आबिद सुरती यांनाच फ्रेमगणिक हलवले. जिवंत माणूस आणि रंगणारी खोली हेच तिथे ॲनिमेशनचे साहित्य झाले. फाळक्यांनी काड्यांबाबत जे केले तेच पतींनी माणसाबाबत केले. दुसरी फांदी भीमसेन यांची. १९६१ मध्ये पार्श्वभूमी रंगवणारे चित्रकार म्हणून ते फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले, तिथेच ॲनिमेशन शिकले, बाहेर पडले आणि १९७० मध्ये ‘द क्लाइंब’ केला. शिकागोच्या महोत्सवात त्याला रौप्य ह्यूगो मिळाला. पुढे ‘घरौंदा’ हा कथापटही त्यांनी दिग्दर्शित केला.

भीमसेन यांचे नाव लोकांना ठाऊक नसले तरी त्यांची चित्रे ठाऊक आहेत. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनवर वाढलेल्या पिढ्यांनी किती वेळा पाहिला याला गणती नाही. दिग्दर्शिका विजया मुळे, मुंबईत जन्मलेल्या, फिल्म सोसायटी चळवळीतल्या जाणत्या कार्यकर्त्या. शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रासाठी त्यांनी हा पट केला आणि त्याची चित्रे भीमसेन यांनी घडवली. गाणाऱ्या लहान मुलीचा आवाज साधना सरगम यांचा. जाळ्यासकट उडणारे पक्षी, उंदरांनी कुरतडलेले दोर, आणि बहीण धाकट्या भावाला समजावून सांगते ती एकीची गोष्ट. सात मिनिटांच्या या पटाने देशाच्या एकतेबद्दल जे मुलांच्या मनात रुजवले ते पाठ्यपुस्तकांच्या धड्यांनी रुजवलेले मला दिसत नाही. आणि हाही निरोपाचाच पट होता. कुणीतरी खात्याने मागितलेला, ठरलेल्या विषयाचा, ठरलेल्या लांबीचा. निरोप आणि कला यांचे वैर असते हा समज या एका पटाने खोटा ठरतो.

राम मोहन यांनी १९६८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सोडले. प्रसाद प्रॉडक्शन्सच्या ॲनिमेशन विभागाची धुरा काही काळ सांभाळली आणि १९७२ मध्ये ‘राम मोहन बायोग्राफिक्स’ हा स्वतःचा स्टुडिओ काढला. त्याच वर्षीच्या ‘यू सेड इट’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे १९८३ च्या ‘फायर गेम्स’लाही. पण स्टुडिओ चालायचा तो जाहिरातींवर, माहितीपटांतल्या तुकड्यांवर आणि कथापटांच्या मागण्यांवर. या मागण्या करणाऱ्यांत मोठी माणसे होती. स्टुडिओ निघण्याआधीच मृणाल सेन यांनी ‘भुवन शोम’ (१९६९) मध्ये रेल्वेच्या कडक साहेबाचे कागदांत बुडालेले जग दाखवायला त्यांची चित्रे घेतली. सत्यजित राय यांना ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) मध्ये अवध आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या संबंधांचा कित्येक दशकांचा इतिहास काही मिनिटांत सांगायचा होता. लॉर्ड डलहौसीने अवधला एका पत्रात चेरीची उपमा दिली होती, एक दिवस ती आपल्या तोंडात पडेल अशा अर्थाने. राम मोहन यांच्या चित्रांत संस्थाने एकेक करून चेरीसारखी गट्ट होतात. खलिते, करार, तैनाती फौजा यांचे सगळे राजकारण त्या एका घासात उतरले आहे. राय स्वतः उत्तम चित्रकार होते, त्यांच्या नजरेला उतरणारे काम करणे सोपे नव्हते. कथापटाच्या पोटातले हे दोन-चार मिनिटांचे तुकडे राम मोहन यांच्या कारकिर्दीतली उपकामे म्हणून बाजूला ठेवले जातात. मला ते त्यांच्या सर्वांत नेमक्या कामांपैकी वाटतात. फिल्म्स डिव्हिजनमध्ये कमावलेली काटकसर तिथे पूर्ण पिकलेली दिसते.

यानंतर येते १९९० च्या दशकाची सुरुवात. साठीच्या उंबरठ्यावर असताना दोन कामे राम मोहन यांच्याकडे जवळजवळ एकाच वेळी आली, आणि त्या दोहोंच्या नशिबाकडे पाहिले की या कलेचे भारतातले सगळे प्रश्न उघडे होतात.

पहिले काम रामायणाचे. जपानी चित्रकर्ते युगो साको १९८३ मध्ये डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर ‘द रामायण रेलिक्स’ हा माहितीपट करायला भारतात आले आणि रामकथेने भारावून गेले. तिच्या अनेक जपानी आवृत्त्या त्यांनी वाचून काढल्या. या देवतुल्य नायकाला माणूस नट न्याय देऊ शकणार नाही, ॲनिमेशनच देऊ शकेल, असे त्यांना वाटले. भारताबरोबर मिळून चित्रपट करायची त्यांची इच्छा होती. पण परकीयांनी रामायणाला हात लावू नये असा विरोध झाला आणि सरकारी सहकार्य मिळाले नाही. अखेर चित्रपट जपानमध्ये उभा राहिला. भारतीय बाजू सांभाळण्यासाठी राम मोहन सहदिग्दर्शक म्हणून गेले. धोतर कसे नेसतात, नमस्काराला हात कसे जुळतात, पाया पडताना शरीर कसे वाकते, महालाचे खांब आणि रथाची चाके कशी असतात, हे सगळे जपानी चित्रकारांच्या हातात उतरवायचे होते. संगीत वनराज भाटिया यांचे. ‘रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम’ १९९२ मध्ये पूर्ण झाला. लांबी दोन तास पंधरा मिनिटे. सेकंदाला २४ प्रमाणे हिशेब केला तर १,९४,४०० फ्रेम.

जानेवारी १९९३ मध्ये भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. तारीख वाचली की पुढचे कळते. आदल्या महिन्यात अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली होती आणि मुंबई दंगलीत जळत होती. त्या काळात देशभर धडाक्याने प्रदर्शित होण्याचे भाग्य या चित्रपटाला लाभले नाही. पुढे दूरचित्रवाहिन्यांवर मुलांनी तो पाहिला, हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज ऐकला आणि मनात जपून ठेवला. भारतातल्या चित्रगृहांत तो रीतसर झळकला २४ जानेवारी २०२५ रोजी. साको २०१२ मध्ये वारले होते, राम मोहन २०१९ मध्ये. भारतीय कथेवरचा सर्वांत देखणा हस्तचित्रित चित्रपट आपल्या मोठ्या पडद्यावर यायला बत्तीस वर्षे लागली, आणि तोवर त्याचे हे दोन्ही शिल्पकार उरले नव्हते.

दुसरे काम मीनाचे. सार्क देशांनी १९९१ ते २००० हे दशक मुलींसाठी जाहीर केले होते. युनिसेफला दक्षिण आशियातल्या मुलींच्या शिक्षणाचा, आहाराचा, आरोग्याचा प्रश्न घराघरात न्यायचा होता. त्यासाठी नऊ-दहा वर्षांची मीना, तिचा धाकटा भाऊ राजू आणि मिठू नावाचा पोपट जन्माला आले. चित्रे राम मोहन यांची. प्रश्न मोठा नाजूक होता. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ अशा सगळ्या देशांतल्या खेडुताला ही मुलगी आपल्या गावची वाटायला हवी. साडी नेसवली तर एका देशाची होते, सलवार घातली तर दुसऱ्याची. नाव असे हवे की ते कुठल्याच एका धर्माचे वाटू नये. खेड्यापाड्यांत जाऊन, लोकांना चित्रे दाखवून, त्यांचे ऐकून, लांब झग्यासारखा पोशाख आणि ओढणी अशी मीना ठरली. चित्रांचा मोठा भार मनिलातल्या हॅना-बार्बेराच्या स्टुडिओने उचलला.

मीनाच्या गोष्टी साध्या आहेत. तिला शाळेत धाडत नाहीत, म्हणून ती मिठूला शाळेच्या खिडकीत बसवते आणि तो शिकून आलेले तिला शिकवतो. तिला अंक येऊ लागतात, ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते आणि चोर सापडतो. दुसऱ्या गोष्टीत आंब्याचा मोठा वाटा राजूला मिळतो, कारण तो मुलगा. मग दोघे एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि मीना दिवसभर किती राबते हे राजूला स्वतःच्या अंगाने कळते. कुणी भाषण करत नाही. बापाला कुणी फटकारत नाही. मोजणी आणि अदलाबदल या दोन कृतींतून सगळे सिद्ध होते. १९५६ पासून राम मोहन जे शिकत आले, अक्षर न येणाऱ्याला चित्राने पटवणे, त्याचा हा कळस होता. बांगलादेशात तर मीना घराघरातली मुलगी झाली.

म्हणून माझा निष्कर्ष असा. राम मोहन यांची ओळख करून देताना ‘रामायण’चे नाव आधी घेतात आणि मीनाचे नंतर, ही उतरंड उलटी करायला हवी. दिग्दर्शकाचे मोठेपण चित्रपटाच्या लांबीवर ठरत नाही. ‘रामायण’ हा जपानी शिस्तीचा आणि भारतीय ज्ञानाचा सुंदर संगम आहे, त्याबद्दल आदर आहेच. पण मीना ही भारतीय ॲनिमेशनच्या स्वतःच्या वंशातली लेक आहे. काटकसर, स्पष्टता, निरोप आणि माया हे चारही गुण तिने घरातून घेतले आहेत.

पुढचा इतिहास वेगाने पालटला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणक आला, उपग्रह वाहिन्या आल्या, राम मोहन यांचा स्टुडिओ यूटीव्हीशी जोडला गेला. परदेशी मालिकांची कामे भारतातल्या स्टुडिओंना मिळू लागली आणि हजारो तरुणांना नोकऱ्या लागल्या. पण दुसऱ्याच्या कथेची मधली चित्रे भरणे हे त्यातले मुख्य काम होते. याच काळात फिल्म्स डिव्हिजनमध्ये हात तयार झालेले व्ही. जी. सामंत यांनी २००५ मध्ये ‘हनुमान’ दिग्दर्शित केला आणि भारतीय ॲनिमेशनपट चित्रगृहात चालू शकतो हे दाखवून दिले. २००८ मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओचा ‘छोटा भीम’ आला आणि मुलांच्या वाहिन्यांवर भारतीय पात्र पहिल्यांदा राज्य करू लागले. राम मोहन २००६ पासून ग्राफिटी स्कूल ऑफ ॲनिमेशनमधून शिकवत होते. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या स्टुडिओत हात घडलेल्यांपैकी एक गीतांजली राव. जे. जे. मधून उपयोजित कला शिकून १९९४ मध्ये बाहेर पडल्यावर त्या तिथे ॲनिमेशनकडे वळल्या. २००६ चा ‘प्रिंटेड रेनबो’ त्यांनी एकटीने, फ्रेमगणिक हाताने रंगवला. एकटी राहणारी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांच्या चित्रांचा तिचा संग्रह. ती एकेका काडेपेटीच्या चित्रात शिरते आणि तिथले रंगीत जग जगून येते. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात या पंधरा मिनिटांच्या पटाला पुरस्कार मिळाले. फाळक्यांच्या काड्यांपासून रावांच्या काडेपेटीपर्यंत एक्याण्णव वर्षे जातात. दोन्ही कामे एकाच तऱ्हेची आहेत : हातातली क्षुल्लक वस्तू, अपुरा पैसा आणि एकेका फ्रेमवरची श्रद्धा. २०१९ च्या ऑगस्टअखेरीस रावांच्या ‘बॉम्बे रोझ’ने व्हेनिसमधल्या समीक्षक सप्ताहाचा पडदा उघडला. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला राम मोहन गेले.

ही सगळी ओळ एकदा नजरेखालून घातली की परंपरा नाही हे विधान टिकत नाही. परंपरा आहे, पण ती बाजाराच्या पोटी वाढलेली नाही, म्हणून तिची जाहिरात झाली नाही. तिला पोसले ते शिकवू पाहणाऱ्या संस्थांनी. सरकारने, शैक्षणिक केंद्राने, युनिसेफने. तिचे बरेचसे उत्तम काम दहा मिनिटांच्या आत आहे, आणि आपण चित्रपटाचा इतिहास लिहिताना दहा मिनिटांचे काम मोजतच नाही. ही आपल्या मोजपट्टीची उणीव आहे, कलावंतांची नव्हे.

२०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. पेडर रोडच्या त्याच आवारात आता भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथल्या कार्टून युनिटचे पट अनेक भारतीय भाषांत काढले जात, मराठीतही. त्या मराठी आवृत्त्या शोधून, स्वच्छ करून, शाळांपर्यंत पोहोचवणे हे फार खर्चाचे काम नाही. ॲनिमेशन शिकवणाऱ्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक संस्थेने पहिल्या सत्रात परदेशी पटांबरोबर ‘द बनियन डिअर’, ‘आबिद’, ‘एक अनेक और एकता’, ‘मीना’ आणि ‘प्रिंटेड रेनबो’ दाखवावेत, रेखाटनाच्या टेबलावर बसण्याआधी विद्यार्थ्याला आपले पूर्वज कोण ते कळू द्यावे. आणि घरात लहान मूल असलेल्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे : यातला एक तरी पट या आठवड्यात मुलाबरोबर बसून पाहा, आणि तो कुणी काढला त्यांची नावे त्याला सांगा.